डाव्या कोपऱ्यातलं पितळ

कुदाते इसाओच्या ट्रकचा पुढचा बंपर रंगवून हवा, असं सांगत त्याची मुलगी चिहारू माझ्या दुकानात आली, तेव्हा मी तिला आधी नाहीच म्हणालो.

"कंपनीचा साधा बंपर मिळतो की," मी म्हणालो. "करड्या रंगाचा. दुपारपर्यंत बसवून देतो. हा काढून घरी न्या आणि अंगणात ठेवा."

"ते बाबांना सांगून झालं, काका. त्यांचं एकच. रंग कुठलाही द्या, पण गाडीला बंपर हाच राहील."

"आणि तुझं म्हणणं काय?"

"माझं कोण विचारतंय? गाडी मी चालवायची आणि हट्ट त्यांनी करायचे."

चिहारू तेव्हा बत्तीस वर्षांची होती. मोरिओकाला दुधाची गाडी चालवायची. इसाओच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला ट्रकची पायरी चढायलाही मनाई केली, तेव्हा ती तिकडचं काम सोडून इथे हाचिनोहेला परत आली आणि बापाची गाडी हातात घेतली. आमच्या बंदरात ती गाडी ओळखत नाही असा माणूस नव्हता. चाळीस वर्षं इसाओने इथून माकुल आणि बांगडा दक्षिणेला नेला. कपाळावर नावाची पाटी, अंगभर एकशेवीस दिवे, दोन्ही बाजूंना रंगवलेल्या उसळत्या लाटा, आणि पुढे जमिनीपासून जेमतेम वीतभर वर येणारा क्रोमचा रुंद बंपर. समोर उभं राहिलं की त्यात आपण दिसायचो, पाय आखूड आणि पोट मोठं.

पण आता माल जिथे उतरायचा त्या शीतगृहाने पत्र धाडलं होतं. नटवलेल्या गाड्या फाटकाच्या आत घेतल्या जाणार नाहीत. इसाओने वाद घातला नाही. दिवे त्याने स्वतः एकेक करून काढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले. लाटांवर उन्हाळ्यात मी पांढरा रंग मारला. तेव्हा तो थांबला नाही. मासे धरायला जातो म्हणाला आणि गळ न घेताच गेला.

राहिला होता बंपर. क्रोमवर नुसता रंग मारणं म्हणजे काचेवर मारण्यासारखं आहे. रंग धरत नाही. पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकायला लागले की पापुद्रे निघायला लागतात. म्हणून आधी क्रोम उतरवावं लागतं. क्रोमचा थर कांद्याच्या सालीहून पातळ असतो, पण हट्टी असतो. त्याच्या खाली निकेल, किंचित पिवळट. त्याच्या खाली तांबं आणि मग लोखंड. नदीपलीकडे पूर्वी मुलाम्याचा कारखाना होता, तिथे हौदात बुडवलं की क्रोम आपोआप उतरायचं. कारखाना बंद झाला. घरच्या घरी तेजाबात उतरवता येतं, पण मागे जे पाणी उरतं ते विषारी. ते मी टाकणार कुठे, याच समुद्रात? म्हणून मी हाताने घासून काढतो. मशीनला जाड पॉलिशपेपर लावायचा, वरून पाण्याची धार सोडायची म्हणजे धूळ उडत नाही, आणि तोंडाला मास्क.

काम कंटाळवाणं आहे म्हणून मी नकार दिला नव्हता. त्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात क्रोमच्या खाली काय आहे, ते मला माहीत होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, इसाओने हाच बंपर माझ्याकडे आणला होता. ट्रक त्याने पुढे तीन बदलले, पण बंपर दर वेळी काढून नव्या गाडीला लावला. त्या दिवशी डाव्या कोपऱ्यात खोल डेंट होता, मोठ्या वाडग्यासारखा गोल.

"सेंदाईच्या गोदामात खांबाला लागला," तो म्हणाला होता.

डेंटमध्ये पिवळा रंग घासला गेला होता. मी मान हलवली. त्या संध्याकाळी मात्र सायकल काढून तिसऱ्या धक्क्यावर गेलो. जहाजांचे दोर बांधायचे लोखंडी खुंट तिथे कडेला ओळीने आहेत, सगळे पिवळे. शेवटून चौथ्या खुंटाचा रंग एका अंगाने खरवडला गेला होता आणि बर्फात क्रोमच्या कपच्या चमकत होत्या. खुंटाच्या पुढे हातभर काँक्रीट होतं आणि त्याच्यापुढे पाणी. इसाओची बायको योशिए जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

मी काहीच विचारलं नाही. पत्रा ठोकून जेवढा सरळ होईल तेवढा केला, उरलेल्या खोलगटात पितळ वितळवून भरलं, सपाट घासलं आणि मुलाम्याला पाठवलं. परत आला तेव्हा ती जागा मलाही सापडेना.

"ठेव मग," मी चिहारूला म्हणालो. "आठवड्याने ये."

"आठवड्याने नाही. मीही घासणार. तुमचे खांदे बघा आणि माझे बघा, काका."

"हे स्टिअरिंग फिरवण्यासारखं नाही."

"म्हणूनच म्हणते, शिकवा."

तिला परत पाठवायला मला काही कारण सुचलं नाही. तिला मी बंपरच्या उजव्या टोकाला बसवलं आणि डावीकडे स्वतः बसलो.

हात चांगला होता पोरीचा. मशीन दाबून धरायचं नाही, काम त्याच्या वजनालाच करू द्यायचं, हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही. क्रोम गेलं की रंग कसा बदलतो, निळसर चमक जाऊन दुधी उजेड कसा येतो, हे तिने अर्ध्या तासात ओळखलं. "इथे अजून राहिलंय," असं ती मलाच दाखवायला लागली. दुपारी माझी बायको हारुए सार घेऊन आली. गव्हाच्या कडक चकत्या घातलेलं, आमच्याकडे थंडीत असतं तसं. चिहारू डबा संपवून तळाला चिकटलेले चकत्यांचे तुकडे बोटाने पुसून खात होती.

"लहानपणी तुला या चावायच्या नाहीत," हारुए म्हणाली. "इसाओ तुकडे करून भरवायचा."

"दात नव्हता ना," चिहारू हसली. "माझा पहिला दात बाबांच्या ट्रकमध्ये पडला. बर्फावरून गाडी घसरली आणि मी तोंडावर आपटले. शाळेत सगळ्यांचे दात सफरचंद खाताना पडायचे, मी सांगायचे माझा बर्फाने नेला."

मीही हसलो. बर्फावरून घसरलेल्या गाड्या मी आयुष्यभर दुरुस्त केल्या आहेत. धागे माझ्या डोक्यात तेव्हा जुळले नाहीत.

माझा बेत साधा होता. डाव्या कोपऱ्यात क्रोम उतरवायचं, निकेल जरा खरखरीत करायचं, खाली जायचं नाही आणि वर प्रायमर मारून मोकळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचा दरवाजा पोचवायला मी तासाभरासाठी बाहेर गेलो. परत आलो तर चिहारू डावीकडे बसली होती.

"उजवीकडचं झालं," ती मान वर न करता म्हणाली. "इथे फोड आले होते. तुम्हीच म्हणालात ना, फोड दिसला की लोखंडापर्यंत जायचं."

मी म्हणालो होतो खरा. तिच्यासमोर निकेल गेलं होतं, तांबं गेलं होतं, आणि करड्या लोखंडाच्या मधोमध ताटाएवढा पिवळा डाग उघडा पडला होता.

"पितळ आहे हे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही भरलंत?"

"मी."

तिने मशीन बंद केलं आणि बंपरच्या मागच्या बाजूने हात घातला. हातोड्याचे मार आतून लागतात, ते तिला बोटांना समजत होते. बराच वेळ ती चाचपत राहिली.

"बाबा सगळ्यांना सांगतात, चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही. भिंतीवर प्रमाणपत्र आहे."

"सेंदाईच्या गोदामात खांबाला लागला होता म्हणे."

"खांब असता तर वरपासून खालपर्यंत उभी घडी पडली असती, काका. मीही गाड्या चालवते. हे बुटकं काहीतरी आहे, गोल डोक्याचं." ती थांबली. "कुठल्या वर्षी?"

मी वर्ष सांगितलं. महिनाही सांगितला.

तिने मास्क काढला. "माझा दात," ती म्हणाली.

"तू गाडीत होतीस?" मी विचारलं. हे मला सव्वीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. इसाओ एकटाच असणार असं मी धरून चाललो होतो. मी तिथेच रंगाच्या डब्यावर बसलो.

"मागे झोपले होते. सीटच्या मागे फळी असते ना, तिथे. मार्केटला सुट्टी होती. बाबा म्हणाले, चल, फिरून येऊ. आईचा लोकरीचा कोट घातला मला, बाह्या इथपर्यंत लोंबत होत्या. मग धक्का बसला आणि तोंडात रक्त. बाबा सारखे म्हणत होते, बर्फ होता, बर्फावरून घसरलो." ती त्या पिवळ्या डागाकडेच बघत होती. "काका, खुंट आहे ना हा? तिसऱ्या धक्क्यावरचा?"

खोटं बोलायला एक क्षण होता. तो मी जाऊ दिला आणि मला जे माहीत होतं ते सांगितलं. पिवळा रंग, सायकल, बर्फातल्या कपच्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"धक्का बघून आलो होतो."

"आणि बाबांना विचारलं नाहीत."

"नाही. मला वाटलं, विचारलं तर तो पुन्हा माझ्याकडे येणार नाही."

"हे कारण आहे की सबब?"

मी मशीनची वायर गुंडाळायला लागलो. तिने हात धुतले, जाकीट घातलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास इसाओ आला. टॅक्सीने आला होता, काठी टेकत. ऑपरेशननंतर घराबाहेर पडल्याची ती त्याची पहिलीच वेळ असावी.

"पोरगी काल जेवली नाही," तो दारातूनच म्हणाला. "विचारलं तर म्हणते, दुकानात जाऊन बघा. काय केलंस तू तिला?"

मग त्याला बंपर दिसला. तो जवळ आला, वाकता येत नव्हतं तरी वाकला, आणि पितळेवर तळवा ठेवून तसाच उभा राहिला. मी त्याच्यामागे स्टूल सरकवलं.

"तिने स्वतः उघडलं?" त्याने विचारलं.

"हो. मी बाहेर होतो. इसाओ, तू मला म्हणाला असतास तर मी तिला हात लावू दिला नसता."

"काय म्हणणार होतो? तुला तरी कुठे काही सांगितलं होतं." तो स्टुलावर बसला. "तरी तुला माहीत होतं, हे मला माहीत होतं. तूच सांगायचास, नव्या क्रोमला दर रविवारी तपासावं लागतं, नाहीतर उडतं. जगात असं कुठलं क्रोम असतं रे? वर्षभर येत होतो मी मूर्खासारखा दर रविवारी."

"हारुएचं सार खायला येत होतास."

"तेही खरं."

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि चिहारू आत आली. टॅक्सीच्या मागोमागच निघाली असावी. ती बापासमोर उभी राहिली. बसली नाही.

"सेंदाईचा खांब," ती म्हणाली.

"नव्हता," इसाओ म्हणाला.

"मग?"

मी उठून बाहेर जायला लागलो, तर तिने मला थांबवलं. "तुम्ही बसा, काका. तुम्हीही ऐका. तुम्ही विचारलं नव्हतं ना."

इसाओने काठी दोन्ही हातांत आडवी धरली होती. तो हळूहळू बोलला, रस्त्याची माहिती सांगावी तसा. योशिए गेल्यावर त्याला झोप यायची नाही. गाडी चालवताना सगळं ठीक असायचं, थांबली की ठीक नसायचं. सुट्टीचा दिवस त्याला खायला उठायचा. त्या दिवशी सकाळी चिहारूने विचारलं होतं, आई कधी येणार. अंत्यविधीला ती होती, पण लहान होती, पुन्हा पुन्हा विचारायची. "त्या दिवशी मला वाटलं, हिला आईकडे नेऊ," तो म्हणाला. "तेवढंच वाटलं. चुकीचं आहे असं वाटलंच नाही. तेच मला नंतर सगळ्यात भयंकर वाटत आलंय."

"मी मागे झोपले होते," चिहारू म्हणाली.

"हो."

"सहा वर्षांची होते मी."

"हो."

"तुम्ही मला तिचा कोट घातलात."

चिहारू त्याच्याकडे बघत राहिली, मग वळली आणि चालती झाली. तिच्या ट्रकचा आवाज कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो.

मी इसाओला एकटं घरी जाऊ दिलं नाही. दुकान बंद केलं आणि त्याला आमच्याकडे घेऊन आलो. तीन रात्री तो आमच्या माजघरात झोपला. त्याने कुरकुर केली नाही. हारुएने मात्र पहिल्या दिवशी सारं ऐकल्यावर त्याला स्पष्ट विचारलं, "आता तसं काही डोक्यात आहे का?" मी सव्वीस वर्षं ज्या प्रश्नाला भ्यालो, तो तिने भाताचं वाढप करता करता विचारला.

"नाही," इसाओ म्हणाला. "त्या दिवसानंतर कधीच नाही. लाज आहे. ती जात नाही."

"लाज असू दे," हारुए म्हणाली. "भात घे."

चिहारू त्या दिवसांत कामावर जात होती, बंपर नसलेलीच गाडी घेऊन, बंदरातल्या बंदरात. माझ्या दुकानावरून जायची पण थांबायची नाही. मी डाव्या कोपऱ्याला हात लावला नाही. पुढे काय करायचं ते मी ठरवणं बरोबर नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ती आली. इसाओ दुकानातच होता, माझे जुने ब्रश रॉकेलमध्ये धूत बसला होता. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसली, म्हणजे तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं.

"मी तिसऱ्या धक्क्यावर गेले होते," ती म्हणाली. "तीन दिवस रोज गेले. त्सुनामीच्या मोठ्या लाटेनंतर धक्क्याची अर्धी बाजू नवीन बांधली, पण तो भाग जुनाच आहे. खुंटही तेच आहेत. दोन खुंटांमध्ये किती अंतर आहे, माहीत आहे तुम्हाला?"

इसाओने नकारार्थी मान हलवली.

"माझी अठ्ठावीस पावलं. मी मोजली. ट्रकची रुंदी चार पावलंसुद्धा नाही. शेजारी शेजारी सहा ट्रक आरामात जातील एवढी जागा आहे बाबा तिथे. तुम्ही चाळीस वर्षं अरुंद गल्ल्यांमधून गाडी मागे घेतलीत. तुम्हाला पाण्यात जायचं असतं तर तुम्ही खुंटावर गेलाच नसतात."

इसाओ ब्रश धरून बसला होता, रॉकेल त्याच्या पँटवर टपकत होतं.

"मी आज गाडी घेऊन गेले होते तिथे," ती पुढे म्हणाली. "गोदामाच्या वळणावरून सरळ आणली, तुम्ही आणली असेल तशी. सरळ आलं की मधल्या जागेतच येतो आपण. खुंटावर जायचं तर स्टिअरिंग फिरवून गाडी डावीकडे तोडावी लागते. चांगली जोरात तोडावी लागते. मी खुंटाच्या दहा हात अलीकडे थांबले, घाबरू नका."

"तू मागे हललीस," इसाओ म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे झुकावं लागलं. "झोपेत काहीतरी म्हणालीस. काय ते कळलं नाही मला. शब्दच नव्हता तो. तेव्हा मी तोडली. ब्रेक लागत नव्हता, खाली बर्फ होता, दुसरं काही आडवं नव्हतं. पण उशिरा तोडली, चिहारू. आधीच तोडायला हवी होती. तिथपर्यंत न्यायलाच नको होती."

"हो," चिहारू म्हणाली. "न्यायला नको होती. ते मी सोडणार नाही. कदाचित कधीच नाही. पण तुम्ही तोडलीत. हेही झालंय ना? दोन्ही झालंय."

"म्हणून तो बंपर काढत नव्हतो," तो म्हणाला. "सकाळी गाडीत बसायच्या आधी तो कोपरा बघायचा आणि मग चढायचं. दिसत काही नव्हतं. पण मला माहीत होतं कुठे आहे ते."

चिहारूने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि डब्यात ठेवला. त्याचा हात मात्र सोडला नाही. ती रडत होती आणि चिडलेलीही होती. एकाच चेहऱ्यावर दोन्ही कसं मावतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी तोवर विनाकारण कपाटातले डबे या फळीवरून त्या फळीवर ठेवत होतो.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली. "काका, हे पितळ एका कडेला सुटलंय. खाली गंज गेलाय. काढून परत भरावं लागेल ना?"

"भरावं लागेल. नाहीतर रंग तिथेच फुटेल. किंवा तो कोपरा कापून नवा पत्रा जोडतो, ते सोपं पडेल."

"भरा," ती म्हणाली. "कापू नका."

त्या संध्याकाळी मी जुनं पितळ तापवून काढलं. खालचा डेंट पुन्हा दिसला. वर्षानुवर्षं लक्षात होता त्याहून लहान होता. चिहारूने गंज घासून काढला, मी नवीन सळई लावून पितळ भरलं, तिने सपाट केलं. इसाओ स्टुलावरून सूचना देत होता. "डावीकडे जास्त झालंय." "अरे, त्याला गार तर होऊ दे." शेवटी चिहारू म्हणाली, "बाबा, तुम्हाला पत्र्याचं काय कळतं?" आणि तो गप्प बसला.

मग प्रायमर आणि दोन हात करडा रंग. ऑक्टोबरात आमच्याकडे रंग लवकर वाळत नाही. दोन हातांच्या मध्ये हीटर लावून नुसतं बसून राहावं लागतं. त्या बसण्यात ती दोघं बोलली. योशिएचं नाव इसाओने इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं, मुलीसमोरही नव्हतं हे मला तेव्हा कळलं. चिहारूकडे आईचे तीन फोटो होते आणि बाकी काही नाही. आता ती एकेक विचारत होती. आई उंच होती का? हसायची कशी? माझं नाव कोणी ठेवलं?

"तिनेच," इसाओ म्हणाला. "मला तुझं नाव गाडीच्या पाटीवर लिहायचं होतं. ती म्हणाली, माझी मुलगी काय बांगड्याची पेटी आहे? त्या दिव्यांचाही तिला राग होता. म्हणायची, रस्त्याने देवळाची जत्रा चालल्यासारखं वाटतं. आणि गाडी लागायची तिला. ट्रक ड्रायव्हरची बायको, पण इथल्या इथे कूजीपर्यंत गेली तरी दोनदा उलटी."

"मलाही लागायची सुरुवातीला," चिहारू म्हणाली. "कोणाला सांगितलं नाही."

"मग काय करायचीस?"

"आल्याची गोळी. आई काय करायची?"

"मला शिव्या द्यायची," इसाओ म्हणाला.

मी चहा आणायला म्हणून उठलो आणि घरात जाऊन बराच वेळ बसलो. हारुएने विचारलं, रंग वाळला का? मी म्हणालो, अजून वेळ आहे.

बंपर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी चिहारू माल घेऊन सेंदाईला गेली. शीतगृहाच्या पहारेकऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, कागदावर खूण केली आणि फाटक उघडलं. इसाओ अजून त्यांच्या घरातच राहतो, ती वरच्या मजल्यावर, तो खाली. सगळं मिटलं असं मी सांगणार नाही. मधूनच कधी ती दोन-दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही. कशामुळे, हे त्याला माहीत असतं आणि तो विचारत नाही. मग तिसऱ्या दिवशी ती खाली येऊन जेवते. वसंतात दोघं योशिएच्या थडग्यावर गेली होती. तिथल्या पायऱ्या बऱ्याच आहेत, त्याला चढवताना चिहारूची दमछाक झाली. वर पोचल्यावर तिने त्याला विचारलं, आईला फुलं कुठली आवडायची, आणि त्याला आठवेना. म्हणून तिने रस्त्याच्या कडेची पिवळी फुलं तोडली आणि दोघांनी तीच ठेवली.